सहा झेंड्यांची माती

आधी मी त्या बाईला शिव्या दिल्या, हे कबूल करते आणि मगच पुढचं सांगते. तोंडावर नाही दिल्या, तेवढी हिंमत नव्हती. पण दुकानाच्या रांगेत, इस्त्रीवालीच्या पायरीवर, घरी शिवणयंत्रावर एकटी बसलेली असताना अगदी पोटभर दिल्या. आज तीच बाई घरी आली की मी पुसलेली खुर्ची पुन्हा पुसते आणि ती म्हणते, "मावशी, झिजेल हो ती." झिजू दे. माझी खुर्ची, माझं फडकं.

बाईचं काम माती तपासायचं. हातभर लांबीची पोलादी नळी जमिनीत ठोकायची, फिरवून वर काढायची, आतली माती बाटलीत भरायची आणि बाटलीवर चिठ्ठी चिकटवायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एवढंच. म्हणून गल्लीने तिचं नाव नळीबाई ठेवलं. चेहरा कायम दाढ दुखत असल्यासारखा. हाक मारली तर नुसती मान हलवायची, चहाला बोलावलं तर "हात मातीचे आहेत" म्हणायची. आम्हाला वाटायचं, काय हा तोरा! हात धुता येत नाहीत का?

ती आमच्याकडे आली ती बॅटरीच्या कारखान्यामुळे. गल्लीच्या टोकाला त्याची भिंत लागते. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं वितळवायचं आणि त्याच्या नव्या बॅटऱ्या करायच्या, असं तिथलं काम. माझे यजमान भट्टीवर होते. एकोणीस वर्षांपूर्वी मालकाने एका सकाळी फाटकाला कुलूप घातलं आणि मागे ठेवलं काय, तर एक धुराडं आणि कुणी पाय ठेवू नये अशी जमीन. त्यानंतर गाव हळूहळू रिकामं झालं. बाजारपेठेतल्या अकरा दुकानांपैकी चार उरली. शाळेत दोन-दोन वर्ग एकाच खोलीत बसायला लागले. तरणी माणसं पोट भरायला बाहेर गेली ती गेलीच.

मग नगरपालिकेच्या अध्यक्षांनी अर्ज करकरून एकदाची ती जमीन साफ करायची मंजुरी आणली. दोन वर्षं यंत्रं खोदत होती. विषारी माती झाकलेल्या ट्रकमधून गेली, दुसरीकडून चांगली माती आली. आणि दारं-खिडक्या बनवणारी एक कंपनी तिथे यायला तयार झाली. साठ माणसांना काम देऊ म्हणाली. अट एकच, महिनाअखेरीच्या आत जमीन स्वच्छ असल्याचा दाखला हवा.

त्या साठात माझी लेक होती. मापं काढायच्या विभागात तिची जागा पक्की झाली होती. जावई दूरच्या शहरात क्रेन चालवतो, एका खोलीत चौघांबरोबर राहतो. लेक दीड वर्षापूर्वी मुलीला घेऊन माझ्याकडे आली होती आणि तिने मला सरळ सांगितलं होतं, "आई, इथे काम मिळालं तर आम्ही तिघं इथेच राहू. नाही मिळालं तर पुढच्या महिन्यात मी ठकीला घेऊन तिकडे जाणार. असं अर्धं अर्धं किती दिवस जगायचं?"

ठकी म्हणजे माझी नात, अडीच वर्षांची. नाव वेगळं आहे, पण लाकडी बाहुलीसारखे गोल डोळे करून बघते म्हणून ठकी. दिवसभर माझ्या परसात. मी वाफ्यात खुरपं चालवते, ती शेजारी बसून पाणी ओतून चिखलाचे लाडू वळते आणि त्यातला एखादा खाऊनही टाकते. मी हसायचे. म्हणायचे, आजीच्या मातीत काय कमी आहे? खाऊ दे. ती गेली असती तर मी त्या घरात भिंतींशी बोलत बसले असते. म्हणून दाखला मिळावा यासाठी मी काय वाटेल ते करायला तयार होते, आणि केलंच.

झालं असं. शेवटच्या तपासणीसाठी नळीबाईने मैदानात नऊ ठिकाणी छोटे लाल झेंडे रोवले. सोमवारी त्या झेंड्यांपाशी नळी ठोकणार, माती प्रयोगशाळेत जाणार, निकाल येणार. रविवारी दुपारी मी आणि इस्त्रीवाली भिंतीच्या फटीतून बघत होतो. आत नुसती पिवळट, ढेकळांची, रुक्ष माती. तिच्यात गवताचं पातंही नव्हतं.

"ही माती पास होणार?" इस्त्रीवाली म्हणाली. "हिच्यात तर मिरचीसुद्धा रुजायची नाही."

आता आम्ही दोघीही त्यातल्या की पाहुणे येणार म्हटलं की कपाटातली चांगली चादर काढायची, चिरा न गेलेले कप पुढे करायचे. चादर बघायला येणार असतील तर चादर चांगली काढू आणि माती बघायला येणार असतील तर माती चांगली काढायला नको? आम्हाला ही लबाडी वाटलीच नाही. म्हणजे, खरं सांगायचं तर मला थोडी वाटली. पण ठकीचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मी ते वाटणं गिळून टाकलं.

गल्लीत सगळ्यात चांगली माती माझी, हे कुणीही सांगेल. काळीभोर, भुसभुशीत, हातात धरली की केकसारखी मोडणारी. तीस वर्षं मी तिच्यात पालापाचोळा, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं कालवली होती. फाटकावरचा पहारेकरी इस्त्रीवालीचा दीर. त्याने फाटक उघडलं इतकंच नाही, एकचाकी गाडीही ढकलली. प्रत्येक झेंड्याभोवती टोपल्या ओतल्या, हाताने थापून सारखं केलं, वर दोन-दोन झेंडूची रोपं लावली. सहा झेंडे झाले आणि माझी कंबर धरली. उरलेले तीन तसेच ठेवले. घरी येताना इस्त्रीवाली म्हणाली, "काय देखणं दिसतंय गं!" आणि खरंच देखणं दिसत होतं.

सोमवारी नळीबाई आली. झेंडूकडे बघत बराच वेळ उभी राहिली. मग वाकून रोपं अलगद बाजूला ठेवली आणि नळी ठोकली. मी भिंतीआडून बघत होते. मनात म्हटलं, बघ बाई बघ, अशी माती जन्मात पाहिली नसशील.

निकाल आठ दिवसांनी आला. नापास. शिसं मर्यादेच्या तिप्पट.

गावावर जणू दुसऱ्यांदा कुलूप पडलं. माणसं रस्त्यात थांबून एकमेकांकडे बघायची आणि पुढे जायची. लेकीने त्याच संध्याकाळी पलंगाखालची बॅग ओढून काढली. आणि माझ्या रागाला कुणीतरी हवं होतं, तर नळीबाई आयतीच समोर होती. हिलाच नीट जमत नाही, हिची यंत्रं मोडकी, हिने मुद्दाम केलं. मी बोलले, इस्त्रीवाली बोलली, आणि दोन दिवसांत अख्खं गाव तेच बोलायला लागलं. तिला काढून दुसरा तपासनीस पाठवा असं पत्र गेलं. खाली माझीही सही आहे, वळणदार.

शुक्रवारी दुपारी शाळेच्या मोठ्या खोलीत सभा भरली. बसायला मुलांचे बाक होते. मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन त्यात कशीबशी मावली होती. अध्यक्ष बोलले, दोन-चार जण ओरडले, कुणीतरी "घरी जा" असंही म्हणालं. नळीबाई फळ्याजवळ उभी होती. हातात एक बाटली. सगळे दमून गप्प झाले तेव्हा ती बोलली. आवाज अगदी साधा होता.

"नऊपैकी तीन जागा स्वच्छ निघाल्या, सहा नापास झाल्या. मला ते पटेना, म्हणून त्या सहा जागी मी खोलवर परत नळी घातली आणि निकाल तातडीने मागवला. खालची माती स्वच्छ आहे. फक्त वरची चार बोटं माती खराब आहे, आणि ती वेगळीच माती आहे." तिने बाटली उंच धरली. "काळी आहे. मुळ्या आहेत, अंड्याच्या टरफलाचे तुकडे आहेत. ही कुणाच्या तरी परसातली माती आहे."

इस्त्रीवालीने माझा हात इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली.

"कुणी आणली हे मला विचारायचं नाही," नळीबाई म्हणाली. "खरंच नाही. मला फक्त कुठून आणली ते हवंय. कारण जिथून आणली तिथे आज कुणीतरी राहतंय. तिथल्या भाज्या खातंय. त्या घरात लहान मूल असलं तर त्याला आजच्या आज डॉक्टरांकडे न्या, रक्त तपासा. पोट दुखत असेल, किरकिर करत असेल, बोलायला उशीर झाला असेल, तर थांबूच नका. मोठ्यांपेक्षा मुलांना शिसं फार लवकर बाधतं."

ठकी महिनाभर पोट धरून रडत होती. मी तिला ओवा चोळून द्यायचे. अडीच वर्षांची झाली तरी सात-आठच शब्द बोलायची आणि मी लेकीला सांगायचे, तूही उशिराच बोललीस, आईवर गेली आहे. मला त्या खोलीत एकदम तिचे ओठ दिसले, चिखल लागलेले, आणि ते बघून हसणारी मी दिसले.

मी उभी राहिले. बाकात पाय अडकला, तरी राहिले.

"माझ्या परसातली," मी म्हटलं. "मी आणली. मीच थापली. झेंडूही माझेच."

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. दोन बाक पुढे बसलेल्या लेकीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, ती नजर मला अजून सोसत नाही. मग ती उठली आणि धावत बाहेर गेली, ठकीला शेजारच्या शिक्षिकेकडे ठेवलं होतं तिकडे. माझ्या शेजारी इस्त्रीवाली उभी राहिली. म्हणाली, "निम्म्या टोपल्या मी वाहिल्या. आणि माझ्या परसातही तोच भराव आहे. सगळ्यांच्याच परसात आहे."

भराव! तेव्हा कुठे मला आठवलं. म्हणजे विसरले कधीच नव्हते, फक्त त्याला नाव वेगळं दिलं होतं. तीस वर्षांपूर्वी आमची गल्ली सखल होती, घराघरात पाणी यायचं. तेव्हा कारखान्याने भट्टीतली राख आणि खडे भराव म्हणून कामगारांना फुकट दिले होते. माझ्या यजमानांनी सुट्टीच्या दिवशी बावीस फेऱ्या मारल्या. परस हातभर उंच झालं, पाणी यायचं थांबलं. आम्ही सगळ्या बायकांनी मिळून व्यवस्थापकांच्या घरी मिठाई नेऊन दिली होती. किती उपकार मानले होते त्या माणसाचे! आणि मग तीस वर्षं मी खुरप्याने ती राख वरखाली करत राहिले, तिला खतपाणी घालत राहिले, तिचा अभिमान बाळगत राहिले. सफाईवाल्यांच्या कागदावर मात्र कारखान्याचं विष कारखान्याच्या भिंतीशी संपत होतं.

अध्यक्ष लाल झाले होते. "तुम्हाला कळतंय का काय केलंत? कंपनी गेली तर?"

"थांबा हो," नळीबाईने त्यांना मध्येच तोडलं. "सहा जागची चार बोटं माती उचलायला एक दिवस लागतो. परवा मी परत नळी ठोकते. दाखला चार-आठ दिवस उशिरा मिळेल. कंपनीला मी स्वतः पत्र लिहिते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, तुम्ही आधी नातीकडे जा."

जिला घालवायला मी सही केली होती ती बाई मला हे सांगत होती.

डॉक्टरीणबाईंनी गल्लीतल्या बारा मुलांचं रक्त तपासलं. नऊ मुलांच्या रक्तात शिसं जास्त निघालं. सगळ्यात जास्त ठकीच्या. "वेळेवर आणलंत," त्या म्हणाल्या. "मातीपासून लांब ठेवा, हात धुवा, लोहाचं औषध द्या, खाणंपिणं सांभाळा. आत जाणं थांबलं की हळूहळू उतरतं. अजून वर्ष-दोन वर्षं असंच चाललं असतं, तर मग मी काहीच सांगू शकले नसते." मी भिंतीला धरून उभी होते. लेक मात्र ताठ बसून सगळं लिहून घेत होती.

त्याच दिवशी ती ठकीला घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला, बेकरीच्या वरच्या खोलीत राहायला गेली. मी रोज संध्याकाळी जायचे. ती दार उघडायची, पाणी द्यायची, "औषध घेतलं तिने" एवढं सांगायची. पण मी असताना एक पळभरही खोलीबाहेर जायची नाही. ठकी माझ्या मांडीवर चढायची आणि लेक खिडकीशी उभी राहून आमच्याकडे बघत राहायची. भांडली असती तर मीही दोन शब्द ऐकवले असते, मोकळी झाले असते. पण ती भांडलीच नाही, आणि तिचं काय चुकत होतं?

दाखला शेवटी बारा दिवस उशिरा मिळाला. कंपनी थांबली. नळीबाईचं पत्र तीन पानी होतं, असं अध्यक्षांनी नंतर सांगितलं. तिच्याविरुद्धचं आमचं पत्र त्यांनी मागे घेतलं, आणि माझी सही मी स्वतः जाऊन खोडली. तिने आमच्या गल्लीतली एकूण एक परसं तपासली आणि सव्वीस घरं सफाईच्या यादीत चढवली. वरच्या कार्यालयाने दोनदा नाही म्हटलं. ती दोनदा बाटल्या घेऊन तिथे जाऊन बसली.

माझं परस हाताने खोदावं लागलं, कारण यंत्र बोळातून येईना. माझे वाफे, माझी लिंबाची झाडं, तीस वर्षांची माती, सगळं बंद पिंपांत भरून गेलं. वीतभर खाली करड्या खड्यांचा थर लागला. माझ्या यजमानांनी तो किती सारखा पसरला होता! तो बघून मात्र मला रडू फुटलं. नळीबाई मागच्या पायरीवर माझ्या शेजारी बसली. तोंडावरचं फडकं खाली केलं. पहिल्यांदाच ती अशी निवांत बसलेली मी पाहिली.

"त्यांना माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"मला तरी कुठे होतं?" मी म्हटलं. "बाई, मी तुम्हाला काय काय बोलले, तुम्हाला ठाऊक नाही."

"ठाऊक आहे. इस्त्रीवाल्या ताईंनी सांगितलं. चाली लावून सांगितलं."

मला हसावं की रडावं कळेना. मग तीच म्हणाली, "एक सांगू? त्या रविवारी तुम्ही नदीकाठची वाळू नेऊन टाकली असती, तर सगळ्या जागा पास झाल्या असत्या. मी दाखल्यावर सही करून निघून गेले असते. या भिंतीच्या अलीकडे कुणी नळी लावलीच नसती. मी रात्री झोपताना तोच विचार करते."

मीही तोच करते. माझी लबाडी फसली म्हणून माझी नात वाचली. आणि फसलेली लबाडी पकडून जिने चोर शोधायच्या आधी मूल शोधलं, ती बाई मातीचे हात मांडीवर ठेवून माझ्या पायरीवर बसली होती. मी तिचे ते हात धरले. "तुमचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत," मी म्हटलं. ती अवघडली, म्हणाली, "अहो, कामच आहे माझं." कामच होतं, खरं आहे. पण काम असं करणारी माणसं मी माझ्या आयुष्यात बोटावर मोजण्याइतकी पाहिली आहेत. तिला मी हात धुवायला लावले आणि चहा पाजला. दोन कप प्यायली.

तीन महिन्यांनी ठकीचं रक्त पुन्हा तपासायचं होतं. तोवर माझ्या परसात तपासून आणलेली नवी माती पडली होती. लेकीने मला बोलावलं नव्हतं, मी आपली दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन बाकाच्या टोकाला बसले. ठकी मला बघून ओरडली, "आजी, इकडे ये, पाणी सांडलं!" पाच शब्द, एका दमात, ओळीने. मी मोजले.

लेक कागद घेऊन बाहेर आली. तिने तो उभ्याउभ्याच दोनदा वाचला.

"निम्म्यावर आलंय," ती म्हणाली. "अजून उतरेल म्हणतात."

मी तोंडावर हात दाबून धरला. दवाखान्यात मोठ्याने रडू नये एवढं मला कळतं, तरी पलीकडच्या बाईने माझ्याकडे वळून बघितलंच. लेक माझ्या शेजारी बसली. कागदाच्या घड्या करत राहिली. ठकी आम्हा दोघींच्या गुडघ्यांमधून ये-जा करत होती.

"उद्या माझा कामाचा पहिला दिवस आहे," शेवटी ती म्हणाली. "हे रविवारी सामान घेऊन येतायत. आणि सात वाजता पाळी सुरू होते."

"बरं," मी म्हटलं. पुढे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

ती उठली, ठकीला उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मग आमच्याकडे न बघता पिशवी खांद्याला लावत म्हणाली, "सकाळी साडेसहाला हिला तुझ्याकडे सोडते. संध्याकाळी न्यायला येते. तोवर तू आहेसच."

दुसऱ्या दिवशी साडेपाचपासून मी दार उघडून उभी होते.